आधी तपासा, मग बसवा!



समजा, माहूरच्या एका माध्यमिक शाळेत तालुका विज्ञान प्रदर्शन भरणार आहे. नववीच्या मुलांनी पैनगंगेच्या खोऱ्यातील पावसाचे आकडे गोळा करून त्यांचे आलेख काढणारी एक छोटी आज्ञावली, म्हणजेच प्रोग्रॅम, तयार केला आहे. ज्या संगणकावर तो लिहिला त्यावर तो बिनतक्रार चालतो. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी तोच प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून प्रयोगशाळेतल्या दहाही संगणकांवर उतरवला जातो. सकाळी पाहुणे येतात, मुले कळ दाबतात आणि तीन संगणक रुसून बसतात. एकावर नुसताच चुकीचा संदेश येतो. दुसऱ्यावर मराठी मथळ्याच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. तिसऱ्यावर तर काहीच घडत नाही. जाणकार माणूस नांदेडहून बोलवायचा, तर अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर!

मुलांचा प्रोग्रॅम चुकला होता का? मुळीच नाही. तो सात संगणकांवर नीट चालला. मग तीन संगणकांवर काय बिघडले? त्या तिघांवर प्रोग्रॅमला लागणारे काहीतरी नव्हते. आणि ते नाही, हे कोणी आधी पाहिलेच नव्हते. कोणतेही नवे सॉफ्टवेअर कामावर रुजू करण्यापूर्वी ही तपासणी का व कशी करायची, ते आज आपण पाहू.

एका प्रोग्रॅमला काय काय लागते?

पुरणपोळी करायची तर पुरण हवे. पुरणासाठी डाळ शिजलेली हवी. डाळ शिजायला चूल पेटलेली हवी. प्रोग्रॅमचेही असेच असते. तो एकटा कधीच नसतो, तो दुसऱ्यांच्या खांद्यावर उभा असतो. आपल्या पावसाच्या प्रोग्रॅमची साखळी पाहा :

१. तो पायथन या भाषेत लिहिलेला आहे. म्हणून संगणकावर पायथन हवे, तेही ३.१० किंवा त्यानंतरच्या आवृत्तीचे.
२. आलेख काढण्यासाठी तो मॅटप्लॉटलिब नावाच्या तयार आज्ञासंचाची मदत घेतो. तो आज्ञासंच हवा.
३. पायथन स्वतः विंडोजसारख्या कार्यप्रणालीवर चालते. ती कार्यप्रणाली पुरेशी नवी हवी.
४. मराठी मथळ्यांसाठी देवनागरी अक्षरांचा फॉन्ट हवा.
५. पावसाच्या आकड्यांची फाईल ठरलेल्या जागी हवी.
६. काढलेले आलेख साठवायला डिस्कवर मोकळी जागा हवी, आणि तेथे लिहिण्याची परवानगीही हवी.

यांतली तिसरी अट नेहमी विसरली जाते. पायथनची ३.९ आणि त्यापुढची कोणतीही आवृत्ती विंडोज ७ वर चालत नाही. मायक्रोसॉफ्टनेही विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला. म्हणजे एखाद्या जुन्या संगणकावर विंडोज ७ असेल, तर तेथे पायथन ३.१० बसवण्याची खटपट करण्यात अर्थ नाही. म्हणूनच तपासणी खालून वर करत जावी : आधी कार्यप्रणाली, मग पायथन, मग आज्ञासंच आणि शेवटी आपला प्रोग्रॅम. पायाच कच्चा असेल, तर वरचे मजले तपासण्यात वेळ कशाला घालवायचा?

हजेरीपट आणि वर्ग

आता मुख्य प्रश्न. एखादे सॉफ्टवेअर संगणकावर आहे की नाही, हे ओळखायचे कसे? याचे तीन मार्ग आहेत, आणि तिन्हींचे गुणदोष वेगळे आहेत.

पहिला मार्ग नोंदवही पाहण्याचा. सॉफ्टवेअर रीतसर बसवले, की विंडोज आपल्या रजिस्ट्री नावाच्या नोंदवहीत त्याचे नाव, आवृत्ती आणि ते काढून टाकण्याची रीत लिहून ठेवते. सेटिंग्जमध्ये जाऊन आपण जी यादी पाहतो, ती बरीचशी या नोंदींवरूनच तयार होते. लिनक्समध्येही अशी नोंदवही असते. डेबियन या लिनक्समध्ये ती डीपीकेजी नावाचा प्रोग्रॅम सांभाळतो. सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेने २००७ मध्ये लोकांपुढे आणलेली बॉस ही कार्यप्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे.

पण हजेरीपटात नाव आहे म्हणून मुलगा वर्गात हजर आहे, असे म्हणता येईल का? कोणी नोंद तशीच ठेवून फाईली पुसून टाकल्या असतील. उलट, एखादे सॉफ्टवेअर रीतसर न बसवता नुसते फोल्डरमध्ये उतरवले असेल, तर ते चालेल, पण नोंदवहीत त्याचे नाव नसेल. म्हणजे मुलगा वर्गात बसला आहे, पण हजेरीपटात त्याचे नाव नाही!

आणखी एक गंमत. विंडोजमध्ये हजेरीपट एक नसून निदान तीन असतात. ६४ बिटच्या प्रोग्रॅमांची नोंद एका ठिकाणी, ३२ बिटच्या प्रोग्रॅमांची दुसऱ्या ठिकाणी आणि फक्त एकाच वापरकर्त्यासाठी बसवलेल्या प्रोग्रॅमांची त्या वापरकर्त्याच्या खात्यात. गुरुजींनी आपल्या खात्यातून स्वतःपुरते पायथन बसवले असेल, तर विद्यार्थ्यांच्या खात्यात ते सापडणार नाही. म्हणून ज्या खात्यातून प्रोग्रॅम चालवायचा, त्याच खात्यातून तपासणी करायची, हा नियम लक्षात ठेवा.

दुसरा मार्ग फाईल शोधण्याचा. संगणकाला आपण नुसते नाव सांगतो, तेव्हा तो कोठे कोठे शोधतो? त्याच्याजवळ फोल्डरांची एक क्रमवार यादी असते. तिला पाथ म्हणतात. या यादीतल्या पहिल्या फोल्डरात त्या नावाची फाईल सापडली नाही, तर तो दुसऱ्यात पाहतो, मग तिसऱ्यात. सापडली, की तेथेच थांबतो. म्हणून एकाच संगणकावर पायथनच्या दोन आवृत्त्या असतील, तर यादीत जी आधी येते तीच चालते, मग ती जुनी का असेना! विंडोजच्या आज्ञाखिडकीत ‘व्हेअर’ ही आज्ञा देऊन पुढे नाव लिहिले, तर अशा साऱ्या जागा दिसतात.

येथेही फसगत होऊ शकते. विंडोज १० च्या २०१९ नंतरच्या आवृत्त्यांत पायथन बसवलेले नसले, तरी त्या नावाची एक छोटी फाईल असते. ती चालवली, की पायथन सुरू न होता ते मिळवण्याचे दुकान उघडते. म्हणजे दारावर पाटी आहे, पण घरात माणूस नाही.

तिसरा मार्ग सर्वांत खात्रीचा. सॉफ्टवेअरला हाक मारायची आणि ओ येते का ते ऐकायचे. आज्ञाखिडकीत पायथन हे नाव, मग मोकळी जागा, मग लागून दोन आडव्या रेघा आणि त्यांना जोडून इंग्रजीत व्हर्जन हा शब्द लिहिला, की पायथन आपली आवृत्ती सांगते. उत्तर आले म्हणजे ते आहे, सापडते आहे आणि निदान बोलण्याइतके तरी जिवंत आहे.

३.१० मोठे की ३.९?

आवृत्ती कळली. आता ती पुरेशी नवी आहे का, ते ठरवायचे. सोपे आहे, नाही का? मग सांगा, ३.१० मोठे की ३.९?

गणिताच्या तासाला तुम्ही म्हणाल, ३.९ मोठे. दशांश अपूर्णांक म्हणून ते बरोबरच आहे, कारण ३.१० म्हणजे ३.१. पण पायथन ३.९ ऑक्टोबर २०२० मध्ये आले आणि ३.१० ऑक्टोबर २०२१ मध्ये. म्हणजे आवृत्ती म्हणून ३.१० ही नवी! आवृत्तीच्या क्रमांकातील टिंब हे दशांशचिन्ह नव्हे. पाठ्यपुस्तकातील तिसऱ्या प्रकरणाचा नववा आणि दहावा भाग आपण जसे लिहितो, तसे हे क्रमांक असतात.

शब्दकोशातल्या शब्दांसारखी एकेका अक्षराची तुलना केली, तरीही चूक होते. ‘३’ सारखा, टिंब सारखे, पुढे ‘१’ आणि ‘९’. एक नवाच्या आधी येतो, म्हणून संगणक ३.१० ला जुनी ठरवतो. तपासणी करणारे पुष्कळ प्रोग्रॅम नेमके येथेच ठेचकाळतात.

बरोबर रीत अशी : टिंबांच्या जागी क्रमांक तोडायचा आणि डावीकडून एकेका पूर्णांकाची तुलना करायची. ३.९.१३ आणि ३.१०.२ घ्या. पहिले भाग ३ आणि ३, म्हणजे सारखे. दुसरे भाग ९ आणि १०. दहा मोठे, म्हणून ३.१०.२ नवी. तिसऱ्या भागाकडे पाहायची गरजच नाही.

चौकोन का दिसतात?

दुसऱ्या संगणकावर मराठीऐवजी चौकोन दिसले, ते का? संगणक अक्षर ओळखत नाही, तो क्रमांक ओळखतो. युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीसाठी १२८ जागा राखलेल्या आहेत. ‘क’चा क्रमांक २३२५ आहे. ‘माहूर’ हा शब्द संगणकात २३५०, २३६६, २३६१, २३७०, २३५२ असा साठतो : म, काना, ह, दीर्घ उकार आणि र. या क्रमांकांची चित्रे फॉन्टमध्ये असतात. फॉन्टमध्ये ते चित्र नसेल, तर संगणक त्या जागी चौकोन काढतो. शब्द हरवलेला नसतो, फक्त तो दाखवायचे साधन नसते.

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीच्या कित्येक मराठी फॉन्टांची गोष्ट याहून वाईट होती. त्यांत मराठी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली असत. फॉन्ट नसेल, तर त्या जागी इंग्रजी अक्षरांची अर्थहीन खिचडी दिसे. अशा जुन्या फाईली आजही सापडतात. तेव्हा त्यांच्यासोबत तोच फॉन्ट आहे का, हे पाहावेच लागते.

किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात गोंड समाजाची मोठी वस्ती आहे. गोंडी भाषेसाठी बनवलेली मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये, युनिकोडच्या दहाव्या आवृत्तीत आली. त्या लिपीतला मजकूर तुम्ही जुन्या फॉन्टांच्या संगणकावर उघडला, तर चौकोनच दिसतील. म्हणून ‘फॉन्ट आहे का?’ एवढाच प्रश्न पुरत नाही. ‘मला हवी ती अक्षरे त्यात आहेत का?’ असे विचारावे लागते.

थोडे गणित

‘बहुतेक संगणकांवर बहुतेक गोष्टी असतातच. मग एवढी काळजी कशाला?’ असे कोणी म्हणेल. हिशेब करून पाहू.

धरून चला, की आपल्या सहा गोष्टींपैकी प्रत्येक गोष्ट संगणकावर असण्याची संभाव्यता ०.९५ आहे, म्हणजे शंभरात पंचाण्णव. एकीचा दुसरीशी संबंध नाही, असेही धरू. एका संगणकावर सहाही गोष्टी असण्याची संभाव्यता ०.९५ चा सहावा घात, म्हणजे सुमारे ०.७३५. दहा संगणकांपैकी सरासरीने सातच तयार निघतील! आणि दहाही तयार असण्याची संभाव्यता ०.७३५ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.०४६. शंभरात पाच वेळाही नाही. एकेक गोष्ट इतकी भरवशाची असूनही सगळ्या एकत्र जमून येणे किती दुर्मीळ आहे, पाहा. म्हणून ‘बहुतेक असेलच’ हा विचार सोडून द्यावा लागतो.

दहा संगणक गुणिले सहा गोष्टी, म्हणजे साठ तपासण्या. एका तपासणीला एक मिनिट धरले, तर एक तास. तो तास आदल्या दिवशी द्यायचा, की पाहुण्यांसमोर? संगणक हजार असतील, तर मात्र हे काम हाताने होणार नाही. मग तपासणी करणारा प्रोग्रॅम लिहून तो प्रत्येक संगणकावर चालवतात.

एक जण राहिला तर?

न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्या नाईट कॅपिटल या कंपनीची गोष्ट या विषयात नेहमी सांगितली जाते. २०१२ च्या जुलैअखेर या कंपनीने आपल्या आठ संगणकांवर नवे सॉफ्टवेअर बसवायला घेतले. सातांवर ते बसले, आठव्यावर बसवायचे राहिले. काम झाल्यावर दुसऱ्या माणसाने तपासावे, अशी रीत तेथे नव्हती. १ ऑगस्टला सकाळी बाजार उघडला. आठव्या संगणकावर वर्षानुवर्षे न वापरलेला जुना भाग जागा झाला आणि त्याने न मागितलेल्या खरेदी-विक्रीचा सपाटा लावला. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. बाजार उघडण्यापूर्वीच कंपनीच्या यंत्रणेने या गडबडीकडे बोट दाखवणारे ९७ ई-मेल पाठवले होते. पण त्यांवर कोणी हालचाल केली नाही.

१९ जुलै २०२४ चा प्रकार आपल्याही देशाने पाहिला. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला एक नवी माहितीची फाईल पाठवली गेली. त्या फाईलीच्या रचनेत २१ रकाने अपेक्षित होते, पण संगणकावरचे सॉफ्टवेअर २० च पुरवत होते. एका रकान्याचा मेळ बसला नाही आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातल्या विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

पहिल्या गोष्टीत हवे ते सॉफ्टवेअर एका संगणकावर नव्हते. दुसऱ्या गोष्टीत ते होते, पण नव्याचा जुन्याशी मेळ नव्हता. तपासणीत दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

चालवून पाहणे

म्हणून शेवटची पायरी प्रत्यक्ष चालवून पाहण्याची. ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, असे छोटे उदाहरण प्रोग्रॅमला द्यायचे. १०, २० आणि ३० मिलिमीटर पावसाची सरासरी २० आली पाहिजे आणि आलेखात तीन बिंदू दिसले पाहिजेत. आले, तर ठीक.

ही पद्धत तुमच्या गावातही वापरली जाते. मतदान यंत्रे केंद्रांवर जाण्यापूर्वी राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींसमोर त्यांची प्रथमस्तरीय तपासणी होते. मतदानाच्या दिवशी खरे मतदान सुरू होण्यापूर्वी प्रत्येक केंद्रावर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान घेऊन मोजणी जुळते का, ते पाहतात आणि मग ती मते पुसून टाकतात. गोदामात यंत्र ठीक होते, एवढ्यावर कोणी विसंबत नाही.

पेनड्राइव्हवरून नेलेली फाईल वाटेत बिघडली नाही ना, हेही तपासता येते. शा-२५६ नावाची गणिती रीत कोणत्याही फाईलीवरून ६४ चिन्हांचा एक ठसा काढते. फाईलीत एक अक्षर जरी बदलले, तरी ठसा पार बदलतो. मूळ फाईलीचा आणि उतरवलेल्या फाईलीचा ठसा जुळला, की फाईल जशीच्या तशी आली असे समजावे.

तपासणीचे नियम

१. काय काय हवे, त्याची यादी आवृत्तींसह कागदावर लिहा. मनातली यादी चालणार नाही.
२. तपासताना काहीही बदलू नका. आधी फक्त पाहा आणि नोंद करा. दुरुस्ती नंतर.
३. प्रत्येक नोंद ‘आहे’, ‘नाही’ किंवा ‘कळले नाही’ यांपैकी एक असावी. ‘कळले नाही’ म्हणजे ‘आहे’ नव्हे!
४. एक उणीव सापडली म्हणून थांबू नका. साऱ्या उणिवा एकदम कळल्या, तर नांदेडची एकच खेप पुरते.
५. दुरुस्तीनंतर पुन्हा पहिल्यापासून तपासा. एक वस्तू बसवताना दुसरी बिघडू शकते.
६. एकाने केलेले काम दुसऱ्याने पाहावे.

करून पाहा

१. या आवृत्त्या जुनीपासून नवीपर्यंत क्रमाने लावा : १.३.०, १.२.१०, १.१०.१, १.२.९.
२. तुमच्या शाळेतील संगणकांचा तक्ता करा. उभ्या रकान्यांत हव्या असलेल्या गोष्टी आणि आडव्या ओळींत संगणकांचे क्रमांक लिहा. किती ओळींत सगळीकडे ‘आहे’ आले?
३. प्रत्येक गोष्ट असण्याची संभाव्यता ०.९५ ऐवजी ०.९९ धरा. एका संगणकावर सहाही गोष्टी असण्याची संभाव्यता किती येते?
४. ‘माहूर’प्रमाणे आपल्या गावाचे नाव युनिकोड क्रमांकांत लिहा. तक्त्यात ‘क’ २३२५ वर आणि ‘ह’ २३६१ वर आहे, एवढे सूत्र धरून सुरुवात करा.

शिक्षकांसाठी : दुसरा प्रयोग दोन गटांना वेगवेगळा करू द्यावा आणि मग दोन्ही तक्ते शेजारी ठेवावेत. जेथे दोन गटांच्या नोंदी जुळत नाहीत, तेथे कोणी कोणता मार्ग वापरला, नोंदवही पाहिली की फाईल शोधली की हाक मारली, याची वर्गात चर्चा घ्यावी.

उत्तरे : (१) १.२.९, १.२.१०, १.३.०, १.१०.१. (३) सुमारे ०.९४.